क्लचचं ऑइल जातंय कुठं?

हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा घसरत असेल, तर नुसतं रक्त चढवून भागत नाही. ते जातंय कुठं हे शोधावं लागतं. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला परवा फोनवर हेच सांगावं लागलं. त्याच्याकडे जुनी फोक्सवॅगन टी-३ कॅम्पर व्हॅन आहे. हे मॉडेल १९७९ मध्ये आलं. ‘मामा, क्लच तळालाच जातो. तीन-चारदा पंप केला की गिअर पडतो. मग ऑइल भरतो,’ असं त्याचं चाललं होतं.

या क्लचला केबल नसते. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरला ढकलतं आणि स्लेव्हचा दांडा क्लच सोडवतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून गळतीवाटे हवा शिरली की पेडल मऊ होतं, गिअर खरखरतो.

गळतीच्या जागा मोजक्याच. पेडलपाशी पाय ठेवतो तिथलं कार्पेट ओलं असेल, आसपासच्या रंगाला फुगे आले असतील, तर संशय मास्टरवर. हे ऑइल रंग खातं. टी-३ चं इंजिन मागे, त्यामुळे स्लेव्हही मागे, गिअरबॉक्सपाशी. त्याचं रबरी बूट मागे सरकवून आत ओल आहे का पाहायचं. (गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. असे जखमी आम्ही पाहतो.) दोन्ही कोरडे असतील तर मधली लांबलचक नळी तपासायची. ओल इंजिन ऑइलची की क्लचची, हे कळायला थेंब पाण्यात टाका. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल मिसळतं, इंजिन ऑइल तरंगतं.

फसवा प्रकार वेगळाच. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतं, पण बाहेर थेंब नाही आणि टाकीतली पातळीही तशीच. तेव्हा मास्टरमधलं रबर आतल्या आत ऑइल सोडत असतं.

नुसतं भरत राहणं मला धोक्याचं वाटतं, कारण टी-३ मध्ये क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच आहे. पातळी घसरतेय ती क्लचमुळे की ब्रेकमुळे, हे शोधल्याशिवाय घाटात गाडी घालू नये.

आता माझ्या खात्याचं. हातमोजे घाला. डोळ्यात उडालं तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. सुरुवातीला माणूस नुसता झिंगल्यासारखा दिसू शकतो. मूत्रपिंडांचा घात पुढच्या एक-दोन दिवसांत उघड होतो. काही ब्रेक ऑइलमध्ये असणाऱ्या डायएथिलीन ग्लायकॉलने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते. तेव्हा ते औषधात वापरलं गेलं होतं. ग्लायकॉल चवीला गोडसर असतं, म्हणून शीतपेयाच्या बाटलीत उरलेलं ऑइल ठेवणं म्हणजे घरातल्या मुलांसाठी सापळाच.

मूळ डब्यातच ठेवा, झाकण घट्ट लावून. उघडं राहिलेलं ऑइल हवेतली ओल शोषतं. मग तेच सिलिंडरला आतून गंज चढवतं, रबर खरवडलं जातं आणि गळती पुन्हा सुरू होते.