शाळेच्या बँडचा शिक्षक कसा घडतो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील अनेक शाळांमध्ये बँड आणि वाद्यवृंद हे वेळापत्रकातले विषय आहेत. गणित-विज्ञानासारखा त्यांचा तास होतो, प्रगतिपुस्तकात त्यांची श्रेणी येते, आणि सरकारी शाळेत ते शिकवणाऱ्याला सर्वसाधारणपणे राज्याचा शिक्षक-परवाना लागतो. विद्यापीठांमध्ये या कामासाठी संगीत-शिक्षणाची वेगळी पदवी आहे. मराठी वाचकाच्या मनातला 'शाळेचा बँड' निराळा असतो: १५ ऑगस्टचे संचलन, पुढे मोठा ढोल, बाजूला शिस्तीचा बँडमास्तर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरातले मूल पाचवी-सहावीत क्लॅरिनेटची पेटी घेऊन घरी येते, तेव्हा त्यामागच्या शिक्षकाच्या तयारीबद्दल पालकांना फारशी कल्पना नसते. गैरसमज मात्र पुष्कळ असतात, आणि ते केवळ आपल्याकडचे नाहीत.

सर्वांत पसरलेला समज असा की हा अभ्यासाबाहेरचा छंद आहे आणि तो कोणाही हौशी वादकाकडे सोपवता येतो. सुरुवात तशी होती, हे खरे. १८३८ मध्ये लोवेल मेसन यांच्या प्रयत्नाने बॉस्टनच्या सरकारी शाळांत संगीताला विषयाचे स्थान मिळाले, पण ते गायनाला. वाद्यांचे संच पुढे कित्येक दशके शाळा सुटल्यावरच जमत. पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२३ मध्ये शिकागोत झाली. तिच्यामागे वाद्ये बनवणारे कारखानदार होते, कारण त्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. पण स्पर्धांनी एक गोष्ट उघड केली. चांगला शिक्षक असलेल्या गावातली मुले चांगली वाजवत होती आणि असे शिक्षक मोजके होते. विद्यापीठांनी हे प्रशिक्षण हाती घेतले ते या गरजेतून. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यात संगीताचा उल्लेख सर्वांगीण शिक्षणाच्या विषयांमध्ये स्वतंत्रपणे केलेला आहे.

उत्तम वादक आपोआप उत्तम शिक्षक होतो, हा दुसरा समज. वादनाची पदवी आणि संगीत-शिक्षणाची पदवी यांचे रस्ते अनेकदा पहिल्या वर्षापासूनच वेगळे होतात. संगीत महाविद्यालयांना मान्यता देणारी राष्ट्रीय संघटना १९२४ पासून काम करते आहे. तिच्या निकषांनुसार शिक्षकाच्या पदवीत निम्मा किंवा अधिक भाग संगीताचा असावा, साधारण ३० ते ३५ टक्के सामान्य विषयांचा आणि १५ ते २० टक्के अध्यापनशास्त्राचा. संगीताच्या त्या निम्म्या भागात मुख्य वाद्याची तालीम असतेच. तीत हयगय चालत नाही. बहुतेक ठिकाणी पदवीपूर्वी एकल वादनाचा जाहीर कार्यक्रमही करावा लागतो. पण कसलेल्या वादकाची एक अडचण असते. ज्या गोष्टी त्याच्या बोटांनी बालपणीच आत्मसात केल्या, त्या कशा केल्या हे त्याला सांगता येत नाही. पदवीचा मोठा भाग या विसरलेल्या पायऱ्या पुन्हा शोधून काढण्यात जातो.

मग दुसऱ्या टोकाचा समज येतो: या शिक्षकाला सगळी वाद्ये सफाईने वाजवता येतात. ते कोणालाच शक्य नाही आणि प्रशिक्षणाचा तो हेतूही नाही. विद्यार्थ्याला लाकडी फुंकवाद्ये, पितळी वाद्ये, तंतुवाद्ये आणि तालवाद्ये यांचे वेगवेगळे वर्ग करावे लागतात. ज्याचे मुख्य वाद्य ट्रम्पेट आहे, तो इथे पहिल्यांदा व्हायोलिनचा गज हातात धरतो आणि दहा वर्षांच्या मुलासारखाच करकर आवाज काढतो. हा अनुभवच मोलाचा आहे. या वर्गांत शिकायचे असते ते निदान.

क्लॅरिनेटचे उदाहरण घेता येईल. सॅक्सोफोनवर 'सा' धरून मागची चावी दाबली की तार 'सा' निघतो. क्लॅरिनेटवर तीच क्रिया केली की तार सप्तकातला 'प' येतो, कारण त्याची नळी दंडगोलाकार असून ध्वनीच्या दृष्टीने एका टोकाला बंद असते. म्हणून क्लॅरिनेट शिकणाऱ्या मुलाला खालच्या आणि वरच्या पट्टीत त्याच बोटांसाठी वेगळी स्वरनावे पाठ करावी लागतात, आणि नेमक्या त्या सांध्यावर वाद्य किंचाळते. शिक्षकाला किंचाळी ऐकताक्षणी ठरवावे लागते: बोटाने छिद्र पुरते झाकले गेले नाही, पत्ती चिरली आहे, की मुलाने माउथपीस ओठात जास्त घेतला आहे? उपाय तिन्हींना वेगळा. तसेच सुराचे. जोरात फुंकल्यावर बासरी चढते आणि क्लॅरिनेट उतरते. सभागृह तापले की फुंकवाद्ये चढतात, तंतुवाद्ये उतरतात. 'सूर लावा' एवढे सांगून यातले काहीच सुधारत नाही. कोणाला काय करायचे ते सांगावे लागते. या विद्येचा गाभा हाच आहे, आणि बाहेरून तो जवळजवळ दिसत नाही.

समोर उभे राहून छडी हलवणे म्हणजे संचालन, हा समज त्या न दिसणाऱ्या भागामुळेच टिकून आहे. छडी हाती येण्याआधी स्कोअर वाचावा लागतो. त्यात एकाखाली एक मांडलेल्या वीसेक ओळी असतात आणि त्या सगळ्या एकच भाषा बोलत नाहीत. बँडमध्ये वाद्ये प्रायः ज्या सुरावर जुळवतात, तो हार्मोनियमच्या भाषेत 'काळी पाच'. हा सूर हवा असेल तर बासरीवाल्याच्या कागदावर 'बी फ्लॅट' लिहिलेला असतो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या कागदावर 'सी', आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर 'जी' आणि फ्रेंच हॉर्नच्या कागदावर 'एफ'. चार नावे, सूर एकच. वाद्यवृंदाची जुळणी 'पांढरी सहा'वर होते, आणि तिथे व्हायोलाची ओळ वेगळ्याच चिन्हाने सुरू होते. हे सगळे मनात ऐकू आले तरच तालमीत 'दुसऱ्या हॉर्नचा तिसरा सूर चुकला' असे म्हणता येते. पदवीच्या वर्गात याचा सराव मुद्दाम चुका पेरून घेतात: वाजवणाऱ्यांपैकी दोघांना चुकीचे स्वर दिलेले असतात आणि ते कोण, हे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने ओळखायचे असते.

हातवाऱ्यांचेही शास्त्र आहेच. पहिल्या मात्रेच्या आधी हात वर जातो त्या एका हालचालीत लय, जोर आणि श्वास या तिन्हींची सूचना असावी लागते. फुंकवाद्य वाजवणारी तीस मुले त्या हालचालीबरोबर श्वास घेतात; ती डळमळीत असेल तर सुरुवात विस्कटते.

बँड आणि वाद्यवृंद एकच, ही समजूत वर्गातल्या कामाला अडचणीची ठरते. बँडची परंपरा लष्करी वाद्यवादनातून आली. त्यात फुंकवाद्ये आणि तालवाद्ये असतात, व्हायोलिन-कुटुंब नसते. फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये प्रत्येक ओळीला एकच वादक ठेवून विंड एन्सेम्बल उभे केले, आणि फुंकवाद्यांच्या संचासाठी गंभीर रचना लिहिल्या जाण्याला बळ मिळाले. तंतुवाद्यांच्या अध्यापनाचा विचार वेगळ्या दिशेने वाढला. इलिनॉय विद्यापीठात पॉल रोलंड यांनी व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या शरीराच्या हालचालींचा अभ्यास केला. खांदा आणि कोपर मोकळे नसतील तर गज घासतो, हे त्यांनी चित्रफितींतून दाखवले. जपानचे शिनिची सुझुकी १९६४ मध्ये आपल्या बालविद्यार्थ्यांना घेऊन अमेरिकेत आले आणि इतकी लहान मुले इतके सुरेल वाजवू शकतात हे पाहून शिक्षक थक्क झाले. अनेक राज्यांत मात्र बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या सर्व संगीताला मिळून एकच परवाना असतो. क्लॅरिनेट वाजवत मोठ्या झालेल्या शिक्षकावर उद्या व्हायोलिनचा वर्ग किंवा गायनाचा गटही येऊ शकतो. म्हणून तंतुवाद्यांचा वर्ग 'उरकून टाकण्याचा' विषय मानणारे छात्राध्यापक पुढे अडचणीत येतात.

'कान उपजतच असावा लागतो' हे वाक्य मराठी घरांतही ऐकू येते. एडविन गॉर्डन यांनी सांगीतिक क्षमतेच्या मोजमापावर दीर्घ काम केले. त्यांच्या मते ही क्षमता साधारण नऊ वर्षांपर्यंत भोवतालच्या संगीतानुसार कमी-जास्त होत राहते आणि मग स्थिरावते. स्थिरावलेली क्षमताही कोणात शून्य नसते. त्यामुळे पाचवीच्या वर्गात मुलांना 'सुरेल' आणि 'बेसूर' असे वेगळे काढण्याला या प्रशिक्षणात आधार नाही. आधी गाऊन घेणे, मग वाजवणे, आणि कागदावरची खूण त्यानंतर, हा क्रम शिकवला जातो. सरगम म्हणून मग पेटीवर बसणाऱ्या घराला तो परका वाटणार नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांमधूनही मुले आधी सोल्फेज गात आणि मग व्हायोलिन धरत. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत पुढे नाव काढलेले कितीतरी गोमंतकीय वादक या शिस्तीतून आले.

काही बाबी थोडक्यात सांगून भागते. शिक्षकाला वाद्यांची किरकोळ दुरुस्ती करावी लागते. कोणत्या मुलाला कोणते वाद्य द्यायचे हे ठरवताना दात, बोटांची लांबी आणि मुलाची इच्छा या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो, नाहीतर बँडमध्ये बारा सॅक्सोफोन आणि एकही ट्युबा नाही अशी अवस्था येते. श्रवणरक्षणाकडे मात्र अजूनही दुर्लक्ष होते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने आवाजाची मर्यादा ८५ डेसिबल, आठ तास अशी सुचवली आहे; दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. लहान खोलीत पितळी वाद्ये जोरात वाजली की आवाज या पातळीला सहज पोचतो. मूल खोलीतून तासाभराने बाहेर जाते, शिक्षक दिवसभर तिथेच असतो.

पदवी मिळाली की शिक्षक तयार झाला, हा शेवटचा समज. शेवटच्या वर्षात सुमारे एक सत्र छात्राध्यापकाला प्रत्यक्ष शाळेत, बहुधा एकदा लहान आणि एकदा मोठ्या वर्गांबरोबर, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. आपल्याकडच्या बी.एड.च्या छात्रसेवाकालासारखेच ते असते. पुष्कळ राज्यांत त्याशिवाय विषयज्ञानाची लेखी परीक्षा असते, आणि तीत ध्वनिमुद्रण ऐकून चूक ओळखण्याचे प्रश्नही असतात. परवाना ठरावीक वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्यासाठी पुढील शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. १९४६ पासून चालत आलेल्या मिडवेस्ट क्लिनिक या संमेलनासाठी दर डिसेंबरात हजारो बँड-शिक्षक शिकागोत जमतात. वीस-वीस वर्षे शिकवलेली माणसे तिथे दुसऱ्याच्या शाळेची मुले वाजवताना ऐकायला बसतात, मांडीवर स्कोअर उघडा ठेवून.