तुला म्हणून सांगतो...

वाचकहो, "तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस," हे वाक्य या महिन्यात तुम्ही किती वेळा ऐकलंत? आणि किती वेळा म्हणालात? खरं सांगा, आपण घरचीच माणसं आहोत.

गोष्ट आपल्या परभणी जिल्ह्यातली, जिंतूरकडची. २०२१ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. रब्बीच्या पेरणीला पैसा हवा म्हणून एका शेतकऱ्यानं कारभारणीच्या दोन पाटल्या गहाण ठेवल्या. मुलीची सोयरीक जुळत आलेली, म्हणून त्यानं हे फक्त एका जिवलग मित्राच्या कानावर घातलं, तेही आखाड्यावर, अंधार पडल्यावर. आठव्या दिवशी सेलूच्या मोंढ्यात मुलाच्या चुलत्यानं त्याला विचारलं, "काय पाव्हणं, वावर गहाण टाकलं म्हणे?" दोन पाटल्यांचं वावर झालं होतं! सोयरीक तिथंच थांबली.

गुपित फुटलं की आपण ‘षट्कर्णी झालं’ म्हणतो. दोघांचे कान चार, तिसरा आला की सहा. जुन्या माणसांनी हिशोब अगदी बरोबर मांडला होता. पुढचा हिशोब तुम्हीच करून बघा. प्रत्येकानं एका दिवसात फक्त दोघांना सांगितलं, तर दहाव्या दिवसापर्यंत दोन हजारांवर माणसांना कळतं. म्हणजे अख्खं गाव! प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण आपले मित्र एकमेकांचेही मित्र असतात आणि तेच ते कान पुन्हा भेटतात. डेली आणि केंडल या दोन गणितज्ञांनी १९६० च्या दशकात याचं गणित मांडलं. "हे तर मला ठाऊक आहे" असं कुणी म्हटलं की सांगणाऱ्याची हौस फिटते आणि तो गप्प होतो. त्यामुळे पाचातल्या एकाला बातमी कळतच नाही, असं त्यांचं उत्तर आलं. आपल्याकडे तो पाचवा बहुधा ज्याची गोष्ट असते तोच!

मग बातमी गावाबाहेर कशी गेली? मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकानं १९७३ साली लिहिलं, की नवी खबर दूर नेतो तो जिवलग नव्हे, तोंडओळखीचा माणूस. दूध घालायला जाणारा, बाजारात रामराम करणारा, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला. आता त्यात मोबाईल आला.

पूर्वी बायका पहाटे जात्यावर बसत. सासरचा जाच, माहेरची ओढ सगळं ओवीतून जात्याला सांगत. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं दळणही ठाऊकच आहे तुम्हाला. जातं काही कुणाला सांगायला जात नव्हतं. पुढं पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते फार बरं झालं. पण डबा नंबरला लावून उभं राहिलं की तोंड गप्प राहत नाही. पुरुषांनी हसू नये. चहाची टपरी आणि पार काही कमी नाहीत.

तो मित्र वाईट नव्हता. त्यानं फक्त बायकोला सांगितलं, काही मदत करता येईल का म्हणून. तिनं जावेला, जावेनं माहेरी फोनवर. प्रत्येकीनं एकीलाच सांगितलं, आणि तेही कळवळ्यानं. आखाड्यावरच त्यानं विचारायला हवं होतं, "घरी बोलू का?" एवढंच. त्यानं विचारलं नाही.

तो मित्र मीच.

मुलीचं पुढं दुसरीकडे चांगलं जमलं, पाटल्याही सुटल्या. लग्नात मला मानानं बोलावलं, टोपी-उपरणं दिलं. आजही तो आखाड्यावर येतो, तंबाखू मळतो, पावसाचं, भावाचं बोलतो. परवा त्यानं बैलजोडी विकली. मला ते बाजारात कळलं.