बुरशी लागलेले धान्य आणि आपले आतडे



माळशेज घाटाच्या वर आपला ऊस. घाट उतरला की मुरबाड आणि त्यापुढे शहापूर, म्हणजे भात, नागली, वरीचा मुलूख. पीक निराळे असले तरी दुखणे एकच आहे, म्हणून या अंकात तिकडचा विषय घेतला आहे.

तिकडे हळवे भात ऑक्टोबरच्या सुमारास कापणीला येते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस ठाणे जिल्ह्यात कापलेले भात शेतातच भिजले. असे भारे रचून ठेवले की आतून तापतात, दाणा पिवळा-काळा पडतो, कुबट वास सुटतो. सरकारी आधारभूत खरेदीत 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्याहून ओला, रंग गेलेला माल परत येतो. मग तो जातो कुठं? घरच्या कणगीत! चांगले विकायचे नि डागी घरात खायचे, ही गरिबाघरची रीत घाटाखाली आहे तशी आपल्याकडेही आहे. धोका इथेच आहे.

बुरशी डोळ्यांना दिसते, तिचे विष दिसत नाही. बुरशी झटकली, दाणे धुतले, ऊन दिले, तरी दाण्यात उतरलेले विष बरेचसे तसेच राहते. भाताच्या आधणात किंवा भाकरीच्या तव्यावरही ते पुरते जात नाही. यातले अफ्लाटॉक्सिन हे विष तर इतके जहाल, की एक किलो धान्यात 15 मायक्रोग्रॅम एवढीच त्याची कायदेशीर मर्यादा आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातले फक्त पंधरा!

या विषांचा पहिला मार आतड्याला बसतो. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात. अन्नाचा रस शोषून घेणे हे त्यांचे काम. हे अस्तर सारखे झिजते आणि तीन ते पाच दिवसांत नवे तयार होते. बुरशीची काही विषे पेशीतले प्रथिन बनण्याचे कामच अडवतात. म्हणजे भिंत पडते आहे, गवंडी हजर आहे, पण विटाच नाहीत! पेशींमधले सांधे सैल होतात, नको ते आत झिरपते आणि हवे ते शोषले जात नाही. रोज थोडे थोडे विष पोटात गेले तर जुलाब लागतीलच असे नाही, पण वाढत्या पोराच्या अंगी अन्न लागत नाही.

1995 साली दख्खनच्या पठारावर, कर्नाटक-आंध्रातल्या खेड्यांत, अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका लोकांनी खाल्ला. पोटात कळा, गुरगुर, जुलाब सुरू झाले. धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष सापडले. ते धान्य खाणे थांबताच माणसे बरी झाली. विटा मिळाल्या की गवंडी कामाला लागतो, तो असा.

पण नेहमीच इतक्यावर भागत नाही. 1974 साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात आदिवासी कुटुंबांनी बुरशीचा मका खाल्ला. अफ्लाटॉक्सिन यकृताला भिडले. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरावर माणसे दगावली.

तेव्हा करायचे काय? कापलेले पीक ओल्या जमिनीवर पडू देऊ नये. झोडलेले भात ताडपत्रीवर पातळ पसरून, वर-खाली करून वाळवावे. साठवणीला ओलावा 14 टक्क्यांच्या आत हवा, भुईमुगाच्या शेंगदाण्याला 8 टक्क्यांच्या आत. कणगी भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावी. काळे, सुरकुतलेले दाणे वेचून टाकावेत. फार खराब माल जनावरालाही घालू नये, कारण बुरशीच्या पेंडीतले विष दुधात उतरते, आणि ते दूध आपलीच पोरं पितात.

जुलाब लागले तर आधी ते धान्य बंद करावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. डोळे पिवळे दिसले, पोट फुगले, तर घरगुती उपायात वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला की उतारा घटतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. धान्याचेही तसेच. फरक एवढाच, की उसाचा तोटा काट्यावर कळतो आणि धान्याचा पोरांच्या अंगावर दिसतो. यंदा सुगीआधी घरात एक ताडपत्री जास्तीची घेऊन ठेवा.