दोष कर्नलात की आलेखात?

सोलापुरी चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर आखतात. तिच्यावरून जॅकार्डची छिद्रे पाडलेली कार्डे बनतात आणि त्यांप्रमाणे मागावर धागे उचलले जातात. विणीत चूक वाटली तर माग थांबवून कापड या आलेखाशी ताडून पाहता येते. पण आलेख दुसऱ्याच चादरीचा असला तर? मग चांगल्या विणीतही जागोजागी चुका दिसतील! संगणकाची तपासणी करतानाही असे घडते. कसे ते पाहू.

संगणकाची स्मृती, कळफलक, पडदा यांचा कारभार पाहणाऱ्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला 'कर्नल' म्हणतात. साध्या आज्ञावलीतील दोष शोधण्यासाठी 'डीबगर' तिला मध्येच थांबवून आत डोकावतो. परंतु कर्नलच थांबला तर सारा संगणक थांबतो. मग डीबगर चालणार कशावर? म्हणून तो दुसऱ्या संगणकावर ठेवून दोहोंना तारेने जोडतात. लिनक्समधील 'केजीडीबी' हे साधन असेच वापरतात. २००८ साली ते मूळ कर्नलात समाविष्ट झाले. ते घडवणाऱ्यांच्या नावांत अमित काळे हे नाव आजही त्याच्या आज्ञावलीच्या शिरोभागी वाचता येते.

डीबगरला स्मृतीत केवळ आकडे दिसतात. कोणत्या पत्त्यावर काय आहे, हे तो कर्नलाबरोबर तयार झालेल्या नामसूचीवरून ठरवतो. येथे दोन घोटाळे संभवतात. कर्नल नव्याने तयार केला आणि सूची जुनीच राहिली, तर पत्ते जुळत नाहीत. दुसरे असे की, हल्लेखोराला पत्ते कळू नयेत म्हणून यंत्र सुरू होताना दर वेळी कर्नल वेगळ्या जागी बसवण्याची सोय लिनक्समध्ये २०१४ पासून आहे. म्हणजे आलेख बरोबर, पण चौकटी सरकलेल्या! तपासणीपुरती ही सोय बंद करता येते.

काही चादरींवर उत्पादकाचे नाव विणलेले असते. तशीच कर्नलातही स्वतःची आवृत्ती व तयार झाल्याची वेळ सांगणारी एक ओळ असते. नामसूचीच्या फाइलमध्येही ती असते. डीबगरकरवी धावत्या यंत्रातून ती ओळ प्रथम वाचावी आणि फाइलमधील ओळीशी ताडावी. दोन्ही अक्षरशः जुळल्या तरच पुढे जावे. नाहीतर निर्दोष आज्ञा 'दुरुस्त' करून आपणच नवा दोष निर्माण करू.

प्रयोगशाळेत आपण तापमापी आधी वितळत्या बर्फात ठेवून पाहतो, त्याचे कारणही हेच आहे.