डिकीतली बॅटरी आणि पायाखालचं पाणी

२०१०च्या ऑक्टोबरात औरंगाबादेतल्या उद्योजक, व्यापारी, डॉक्टर मंडळींनी गट करून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता आणि त्याची बातमी देशभर गाजली. त्या सुमाराला मराठवाड्यात आलेल्या महागड्या गाड्यांना आता पंधरा वर्षं होत आली. पहिल्या मालकाने विकलेली अशी गाडी शहरातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला सरकत येते आणि शेवटी एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी राहते.

माझ्या मामांनी अशीच एक एमएच-२० पासिंगची जर्मन सेदान नव्या ट्रॅक्टरहून कमी पैशांत घेऊन जानेफळला आणली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार कंपनीची नाही, वयाची आहे. मेहकर तालुक्यातल्या आमच्या या गावातून कंपनीचं वर्कशॉप दीडशे किलोमीटरहून लांब. दोन वर्षं गाडी छान चालली. मग एका पावसाळ्यात सगळं एकदम बिनसलं. चार-पाच दिवस उभी राहिली की सकाळी सेल मारायची नाही. चालू झालीच तर डॅशबोर्डवर दिवाळी: एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, सगळे दिवे. मागची डावी काच अर्ध्यात अडकायची, एसी डाव्या बाजूने गरम हवा फेकायचा आणि गाडीत कुबट वास यायचा. त्यातच पंधरा वर्षं पुरी होत आली होती. नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी आरटीओत तपासायला न्यायची, म्हणजे निदान दिवे, वायपर, हॉर्न तरी धड हवेत.

फोनवर एकाने सांगितलं की गाडीचा मुख्य कंप्युटर गेला, लाखभर धरा. मामा गाडी भंगारात काढायच्या बेतात होते. मेहकरला ट्रॅक्टरचे डायनामो आणि सेल्फ दुरुस्त करणारे एक जुने वायरमन आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी स्कॅनर लावला, एकवीस कोड मोजले आणि स्कॅनर बाजूला ठेवला. म्हणाले, "भाऊ, कंप्युटर काय सांगते थे आयका, पन मंग तारेले इचारा."

पुढचे काही दिवस मी त्यांच्या मागे वही घेऊन फिरलो. त्यांनी ज्या क्रमाने तपासलं, त्याच क्रमाने लिहितो.

सुरुवात बॅटरीपासून. मोठ्या सेदानमध्ये ती पुष्कळदा बॉनेटखाली नसतेच. डिकीच्या फरशीखाली असते, आणि पुढे बॉनेटखाली फक्त जम्प स्टार्टसाठी टर्मिनल दिलेली असतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२च्या खाली म्हणजे रिकामी. सेल मारताना दाब क्षणभर पडतो, पण तो साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.५च्या दरम्यान दिसला तर अल्टरनेटर ठीक आहे.

हे आकडे आधी घ्यायचं कारण असं. या गाड्यांत पन्नासेक छोटे संगणक असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. दारात एक, सीटखाली एक, दिव्यांना एक. पुरेसा दाब मिळाला नाही की प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवतो. त्यामुळे एकवीस कोड म्हणजे एकवीस बिघाड नसतात. कोडच्या पहिल्या अक्षराकडेही बघावं. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक आणि सस्पेन्शन, 'बी' म्हणजे काच, दार, एसी असा केबिनचा भाग, आणि 'यू' म्हणजे मॉड्यूलांचं आपसातलं बोलणं तुटलं. मामांच्या गाडीत निम्म्याहून जास्त कोड 'यू'चे आणि कमी दाबाचे होते. वायरमननी सगळे लिहून घेतले, पुसले, बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली आणि सकाळी गाडी देऊळगाव साकर्शाकडे थोडी फिरवून आणली. परत आल्यावर तीनच कोड उरले होते. खरा तपास त्या तिघांचा.

चार्जर नसला तर गावात ट्रॅक्टर असतो. त्याची बॅटरी १२ व्होल्टची असते, चालते. ट्रकची मात्र लावू नका. तिथे २४ व्होल्ट असतात, आणि वाचवायला निघालेले मॉड्यूल त्यातच जळतात.

बॅटरी पूर्ण भरूनही चार दिवसांत उतरते, म्हणजे गाडी झोपल्यावरही कुणीतरी जागं राहून वीज खातंय. ते शोधायची रीत सोपी आहे, फक्त सबुरी लागते. डिकी उघडी ठेवून तिचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबायचं, म्हणजे डिकी बंद झाली असं गाडीला वाटतं. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलच्या मध्ये अँपिअरवर ठेवलेला मीटर जोडायचा. जोडताना वीज क्षणभरही तुटू द्यायची नाही, नाहीतर सगळे मॉड्यूल पुन्हा जागे होतात. मग गाडी लॉक करून किल्ली लांब न्यायची आणि अर्धा-पाऊण तास चहा प्यायचा. मीटर लावलेला असताना सेल मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. गाडी नीट झोपली की आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत येतो.

आमचा आकडा ०.३८ अँपिअरवर अडून बसला. ८० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ०.३८ने भागलं तर साधारण २१० तास येतात, म्हणजे पावणेनऊ दिवसांत पूर्ण रिकामी आणि साडेचार दिवसांत निम्मी. बॅटरी जुनी, त्यामुळे निम्म्यावरच ती मान टाकायची. मामा गाडी काढतात आठवड्यातून एकदा, खामगावच्या बाजाराला. हिशेब जुळला.

आता चोर कोणत्या फ्यूजमागे आहे? जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपटून बघणं. पण फ्यूज उपटला की मॉड्यूल दचकतो आणि दार उघडलं की गाडी जागी होते. म्हणून फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजायचे. वीज वाहत असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या किंचित रोधामुळे तिथे थोडासा दाब दिसतो, वाहत नसेल तर शून्य. एका फ्यूजवर आकडा हलला. तो डाव्या बाजूच्या दारांच्या मॉड्यूलचा होता.

एक दार न झोपल्याने अख्खी गाडी का जागते? पूर्वी प्रत्येक कामाला वेगळी तार असायची. बॉश कंपनीने १९८६ साली 'कॅन' नावाची पद्धत जाहीर केली. तिच्यात एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून सगळे मॉड्यूल पाळीपाळीने बोलतात. तांबं वाचलं, वजन कमी झालं. पण गाव एका बोअरवर असल्यासारखं आहे हे. एकाने नळ उघडा ठेवला तर सगळ्यांचं पाणी जातं. एक मॉड्यूल बडबडत राहिला की बाकीच्यांना ऐकत बसावं लागतं, कोणी झोपत नाही. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रोध असतो. म्हणून बॅटरी काढून त्या दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओम यायला हवेत. १२० आले तर वाट कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. आमचे ६० आले. म्हणजे वाट शाबूत होती, बडबडणारा एकच होता.

वायरमननी दार खोललं नाही. आधी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा मॅट उचलला आणि खालच्या कार्पेटवर तळहात दाबला. पाणी वर आलं. त्या कार्पेटखाली तारांचा जाड जुडगा आणि एक जोडणी होती, तिच्या दोन पिना हिरव्यागार झाल्या होत्या. तांब्याला ओल लागली की हे होतं. दोन पिनांमधून थोडी थोडी वीज झिरपत राहते आणि मॉड्यूलला वाटतं, कुणीतरी बटण दाबतंय.

पाणी आलं कुठून? काचेच्या रबरातून, असं मामांना वाटत होतं. आलं होतं वरून, सनरूफमधून. सनरूफ पूर्ण पाणबंद असतं हा गैरसमज आहे. त्याच्या चौकटीत थोडं पाणी उतरणारच, हे धरून चौकटीभोवती पन्हळ दिलेली असते आणि चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली बाहेर सोडलेल्या असतात. आमची गाडी कडुनिंबाखाली. पानगळीचा पाला आणि धूळ पुढच्या डाव्या नळीत बसली होती. पन्हळ भरली की पाणी उलटं छतात आणि खांबातून खाली कार्पेटखाली. मामांना आठवलं, पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी गावात आली, त्या दिवसांतल्या झडीत पहिल्यांदा कुबट वास आला होता.

नळी साफ करायला कंप्रेसरची हवा मारू नये. जोराने नळी आतल्या आत टोकावरून निसटते आणि मग छत उतरवावं लागतं. गवत कापायच्या यंत्रात असते तशी नायलॉनची लवचिक दोरी हळूहळू आत सारायची, नंतर पेलाभर पाणी ओतून चाकामागे थेंब पडतात का बघायचं. पडले. कार्पेट वर उचलून दोन दिवस पंख्याखाली वाळवलं, पिना क्लीनरने आणि दात घासायच्या ब्रशने घासल्या. तासाभराने मीटरवर आकडा होता ०.०३. लाखभराच्या कंप्युटरचा प्रश्न तिथे संपला.

उरलेल्यांपैकी काच सोपी निघाली. काच हलत नसली की लोक मोटर मागवतात. त्याआधी बटण दाबून धरायचं आणि दार हळूहळू उघडझाप करायचं. मधल्या एखाद्या कोनात काच हलली, तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तार तुटली आहे. पंधरा वर्षं रोज वाकून तांबं आत तुटतं, वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. नवी मऊ तार जोडून डाग दिला. नुसती पीळ मारून टेप गुंडाळली तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. मोटर गुरगुरते पण काच खाली पडते, असं असेल तर आतली केबल किंवा प्लास्टिकची चिमटी तुटलेली असते, आणि विदर्भाच्या उन्हात ती लवकर तडकते. बॅटरी काढल्यावर काच एका दाबात वर जात नसेल तर घाबरू नका. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-चार सेकंद धरून ठेवलं की पुष्कळ गाड्या आपली हद्द पुन्हा शिकतात.

दिव्यांच्या बाबतीत संशय आधी अर्थवर घ्यावा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, म्हणजे वीज परतीची वाट शोधत दुसऱ्या दिव्यातून घुसते आहे. हे गावठी वायरिंगमध्येच होतं असं नाही. २०१४ साली मर्सिडीजने अमेरिकेत २००८ ते २०११च्या अडीच लाखांहून जास्त सी-क्लास गाड्या परत बोलावल्या, त्या मागच्या दिव्यांच्या अर्थच्या जोडणीत गंज चढून दिवे मंद होत म्हणून.

एसीवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. "गॅस भरून द्या" हे वाक्यच चुकीचं आहे. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे गळला, आणि गळती न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरावा लागणार. शिवाय उभ्या गाडीत गेजवर दाब बघून गॅस किती आहे हे कळत नाही. आत थोडासा द्रव उरला असला तरी दाब हवेच्या तापमानाप्रमाणे तोच दिसतो. म्हणून बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं वजन महत्त्वाचं. आहे तो गॅस मशीनने काढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब देऊन जोडणीला साबणाचा फेस लावायचा, आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची आणि मग तोलून भरायचा. गाडी चालू असताना दोन्ही गेज खाली असतील तर गॅस कमी. कमी दाबाची बाजू वर आणि जास्त दाबाची बाजू खाली असेल तर कंप्रेसर नीट दाबत नाही. जास्त दाबाची बाजू फारच वर असेल तर पुढच्या जाळीतून उष्णता बाहेर जात नाही. आमच्याकडे कापूस-सोयाबीनच्या हंगामात ती जाळी भुसाने लिंपून निघते, मंद पाण्याने आतून बाहेर धुतली की बराच फरक पडतो.

मामांच्या गाडीत गॅस बरोबर होता. डाव्या बाजूलाच गरम हवा येण्याचं कारण डॅशबोर्डमागची छोटी मोटर. थंड-गरम हवेची झडप ती फिरवते. कान लावला तर टिकटिक ऐकू येत होती. दात तुटलेलं प्लास्टिकचं चक्र जागच्या जागी घसरत होतं. ही मोटर दिल्लीच्या मायापुरीतून जुन्या गाडीची मिळाली. जुना भाग घेताना एक बघावं. मोटर, बटण, दिवा घ्यायला हरकत नाही. मॉड्यूल घेतला तर तो आधीच्या गाडीच्या चासी नंबरशी बांधलेला असू शकतो, आणि कोडिंग करणारा माणूस नसेल तर तो नुसता डबा आहे.

एअरबॅगचा दिवा मात्र वायरमननी सोडून दिला. पिवळ्या जोडणीला मीटर लावायचा नाही, हा त्यांचा नियम. ते काम वर्कशॉपमध्येच झालं. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायलाही त्यांनी नकार दिला. फुगा बसला की गाडी न सांगता खाली येते.

वायरमनच्या कामाचा सगळा खर्च दिल्लीच्या मोटरसकट एका टायरच्या किमतीत बसला. मामांनी गाडी कडुनिंबाखालून काढून पत्र्याच्या शेडात, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी नेऊन लावली. परवा त्यांचा फोन आला. इंजिनचा दिवा पेटला आहे, आणि बॉनेट उघडल्यावर कुरतडलेल्या तारेजवळ सोयाबीनची टरफलं सापडली आहेत.