जांबचा राम आणि इतिहासाचा पुरावा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत जांब समर्थ हें गांव आहे. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८, च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं येथें नारायण जन्मला. तोच पुढें समर्थ रामदास झाला. परंपरा असें सांगते कीं, थोरल्या भावानें अनुग्रह देण्याचें नाकारलें तेव्हां रुसलेला नारायण गांवच्या मारुतीच्या देवळांत जाऊन बसला, आणि तेथें प्रत्यक्ष श्रीरामानें दर्शन देऊन त्यास मंत्र सांगितला.

ही कथा घरांत निघाली कीं कॉलेजांत शिकणारा मुलगा हटकून विचारतो, "याला पुरावा काय?" वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. वास्तविक प्रश्न मुळींच गैर नाहीं. मात्र पुरावा कशाचा मागावयाचा, हें आधीं ठरलें पाहिजे. समर्थ होऊन गेले याचा, त्यांना दर्शन झालें याचा, कीं खुद्द ईश्वराच्या अस्तित्वाचा? यांपैकीं पहिल्याविषयीं शंकेस जागाच नाहीं. चाफळचें राममंदिर, सज्जनगडावरील समाधि, शिष्यांचीं पत्रें, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची डोमगांवची प्रत, इतका पुरावा त्या काळच्या फार थोड्या सत्पुरुषांविषयीं मिळतो. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं ही साधनसामग्री मिळविण्यांत आयुष्य घालविलें, हें त्यांचें ऋण मोठें आहे.

दर्शनाची गोष्ट निराळी. कागद बोलतो खरा, परंतु तो कोणीं, केव्हां व कशासाठीं लिहिला हें पाहूनच इतिहासकार त्यावर विश्वास ठेवितो. समर्थांचें विस्तृत चरित्र सांगणारी हनुमंतस्वामींची बखर समर्थांच्या निर्वाणानंतर शंभरावर वर्षांनीं तयार झाली. लिहिणारा भक्त, ऐकणारेही भक्त. अशा वेळीं कथेस पालवी फुटली तर त्यांत लबाडी असतेच असें नाहीं. शिवाजीमहाराज व समर्थ यांच्या भेटीचेंच पहा. परंपरेनें ती १६४९ सालीं झाली. उलट केशव गोसाव्यांनीं दिवाकर गोसाव्यांस लिहिलेल्या १६७२ च्या पत्रांत राजांची ही पहिलीच भेट असल्याचा उल्लेख येतो. या एका पत्रावरून विद्वानांत जो वाद माजला तो अद्याप पुरता शमलेला नाहीं. दोन माणसांच्या उघड भेटीची ही स्थिति, तर देवळाच्या गाभाऱ्यांत एका मुलास जें दिसलें त्याचा निवाडा कागदावरून कसा व्हावा?

डेव्हिड ह्यूम या स्कॉच तत्त्वज्ञानें १७४८ सालीं चमत्कारांच्या साक्षीसाठीं एक माप सांगितलें. चमत्कार घडला हें अधिक संभवनीय, कीं साक्षीदार चुकला अगर फसला हें अधिक संभवनीय, असें तो विचारतो. माप कडक आहे. पण दुसऱ्यांच्या धर्मांतील चमत्कार ऐकतांना आपण सर्वच जण तें बिनदिक्कत वापरतों! मग घरच्या कथेस सूट कां द्यावी? मात्र ह्यूमचें नांव घेऊन ईश्वर नाहींच असें सिद्ध झाल्याचा जे डंका पिटतात, तेही घाई करतात. साक्ष अपुरी पडली म्हणजे ती विशिष्ट कथा शाबीत झाली नाहीं, एवढेंच ठरतें.

याहून नवल असें कीं, ही विभागणी स्वतः समर्थांनींच करून ठेविली आहे. दासबोधाच्या अकराव्या दशकांत चार देवांचें निरूपण येतें. पहिला देव मूर्तीचा, दुसरा अवतारांचा, तिसरा अंतरात्मा, आणि चौथा तो निर्विकारी परमात्मा. इतिहासाची सत्ता यांपैकीं पहिल्यावर पुरती चालते. मूर्ति कोणत्या धातूची, केवढी, कोणीं स्थापिली, हें शोधतां येतें. दुसऱ्याविषयीं ग्रंथ केव्हां रचले गेले, उपासना कोठवर पसरली, इतकें तो सांगूं शकतो. तिसऱ्याच्या व चौथ्याच्या दाराशीं मात्र त्याची दौत वाळून जाते. येथें समर्थ भर देतात तो प्रचीतीवर. ऐकीव गोष्टीवर विसंबूं नये, असाच त्यांचा कटाक्ष आहे. अर्थात् एकाची प्रचीति दुसऱ्यास दाखला म्हणून लावितां येत नाहीं, ही अडचण उरतेच, आणि ती प्रांजळपणें मान्य केलेली बरी.

जांबकरांवर या भेदाची कसोटी पाहणारा प्रसंग ऑगस्ट २०२२ मध्यें आला. समर्थांच्या देवघरांतील म्हणून पुजल्या जाणाऱ्या पंचधातूच्या मूर्ति राममंदिरांतून चोरीस गेल्या. गांवावर शोककळा पसरली, प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलें, आणि ऑक्टोबरांत पोलिसांनीं तपास लावून मूर्ति हस्तगत केल्या. गेल्या त्या मूर्तींसाठीं गांवानें हळहळावें हें रास्तच. पिढ्यान् पिढ्यांचे हात त्यांना लागले होते. परंतु चोरास नेतां आला तो चौघांतील पहिला देव. मूर्ति नसतांना ज्यांनीं हात जोडले, त्यांच्यापुढें त्या दिवसांत कोणता देव होता, याची नोंद कोणत्याही पंचनाम्यांत सांपडावयाची नाहीं.