आधी शेजाऱ्याला पटवून द्या!

माल भरलेला ट्रक आणि छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली. ट्रकने मोटारीवर लावलेले बल अधिक, की मोटारीने ट्रकवर लावलेले? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले अनेक विद्यार्थीही ‘ट्रकचे बल अधिक’ असेच उत्तर देतात. मोटारीचा चक्काचूर झालेला दिसतो ना! प्रत्यक्षात दोन्ही बले समान असतात. मोटारीचे वस्तुमान कमी, म्हणून तेवढ्याच बलाने तिच्या वेगात होणारा बदल मोठा आणि हानीही मोठी. नियम पाठ असणे वेगळे आणि तो उमगणे वेगळे, हे या एका प्रश्नातून दिसते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक मझूर यांना हा फरक १९९० साली प्रकर्षाने जाणवला. १९८४ पासून ते तेथे शिकवत होते. व्याख्याने नेटकी, विद्यार्थी खूश, परीक्षेतील गुणही चांगले. अशात हलून आणि हेस्टेनिस या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेले काम त्यांच्या वाचनात आले. पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरही गतीविषयीच्या चुकीच्या समजुती विद्यार्थ्यांच्या मनात तशाच राहतात, असे त्यात दाखवले होते. आपल्या वर्गात असे नसणार, या खात्रीने मझूर यांनी तीच चाचणी घेतली. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला वाटते त्याप्रमाणे? तिच्या मनात दोन वेगळी पदार्थविज्ञाने नांदत होती!

गणित सुटले, कल्पना अडली

मग मझूर यांनी परीक्षेत एकाच विषयावरचे दोन प्रश्न जोडीने घातले. एक विद्युतमंडलाचे नेहमीचे आकडेमोडीचे गणित. दुसऱ्यात बॅटरीला एकसर जोडणीत तीन सारखे बल्ब जोडलेले. बटण दाबले की तिसऱ्या बल्बची दोन्ही टोके तारेने थेट जोडली जातात. आता काय होईल? तिसरा बल्ब विझेल आणि उरलेले दोन अधिक प्रकाशमान होतील, कारण बॅटरीचे विभवांतर आता तिघांऐवजी दोघांत वाटले जाईल. येथे आकडेमोड नाहीच. तरीही गणित बिनचूक सोडवणाऱ्यांपैकी अनेकांना हा प्रश्न सुटला नाही. गणिताची कृती त्यांनी आत्मसात केली होती, विद्युतप्रवाहाची कल्पना नव्हे.

तासाची नवी रचना

१९९१ पासून मझूर यांनी तासाची रचना बदलली. धडा विद्यार्थ्यांनी आधी वाचून यायचा. वर्गात थोडे विवेचन, मग संकल्पनेवर आधारित एक बहुपर्यायी प्रश्न. प्रत्येकाने मिनिट-दोन मिनिटे एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचे. बरोबर उत्तरे साधारण ३० टक्क्यांहून कमी असतील, तर शिक्षक तो भाग पुन्हा समजावतात; ७० टक्क्यांहून अधिक असतील, तर थोडक्यात खुलासा करून पुढे जातात. प्रमाण या दोहोंच्या मध्ये असेल, तर वेगळे उत्तर देणारा शेजारी शोधून त्याला आपले म्हणणे पटवायचे. दोन-तीन मिनिटांच्या चर्चेनंतर पुन्हा मतदान, आणि शेवटी शिक्षकांचे स्पष्टीकरण.

याचा परिणाम मोजलाही गेला. १९९० च्या वर्गात, होऊ शकणाऱ्या सुधारणेपैकी सुमारे पाव भाग सुधारणाच प्रत्यक्षात झाली होती. १९९१ मध्ये ती जवळजवळ निम्मी झाली.

शेजाऱ्याकडून का कळते?

शिक्षकाला ती कल्पना समजून कित्येक वर्षे लोटलेली असतात. आपण स्वतः कोठे अडखळलो होतो, हे तो विसरलेला असतो. शेजाऱ्याला मात्र ती पाचच मिनिटांपूर्वी कळलेली असते, त्यामुळे अडचण नेमकी कोठे आहे ते त्याला ठाऊक असते.

हुशार मुलाचे ऐकून बाकीचे उत्तर बदलत असतील, ही शंका रास्त आहे. तिची तपासणी कोलोरॅडो विद्यापीठातील जीवशास्त्राच्या वर्गात झाली. चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, ज्या गटात सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, त्यांचीही कामगिरी चर्चेनंतर सुधारली. म्हणजे समज चर्चेतूनच घडत होती. संशोधन करणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. सहकाऱ्याला पटवून देताना आपल्याच युक्तिवादातील भोक सापडणे, हा प्रयोगशाळेतील रोजचा अनुभव आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. हार्वर्डमध्येच झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा सक्रिय वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले. पण आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटले. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्यासारखे वाटते. स्वतः विचार करताना मात्र ठेचा लागतात. म्हणून ही पद्धत कशासाठी, हे वर्गाला पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

आपल्या वर्गात

साठ मुलांच्या वर्गात हे करायला कोणतेही यंत्र लागत नाही. पर्याय क्रमांकाइतकी बोटे प्रत्येकाने छातीशी धरावीत, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलता येत नाही आणि शिक्षकांना एका नजरेत अंदाज येतो. या उत्तरांना गुण देऊ नयेत. तासाला एकच प्रश्न घेतला तरी पुरे. अभ्यासक्रम मागे पडण्याची भीतीही मग उरत नाही.

सुरुवातीसाठी हा प्रश्न घ्या : धातूच्या पत्र्याला मध्यभागी गोल भोक आहे. पत्रा सर्वत्र सारखा तापवला, तर भोक (१) मोठे होईल, (२) लहान होईल, की (३) तेवढेच राहील? धातू प्रसरण पावून भोकात शिरेल, असे बरीच मुले म्हणतील. त्यांना वाद घालू द्या. मग कापून काढलेली चकती भोकात परत बसवली आहे, अशी कल्पना करायला सांगा. तापल्यावर चकती मोठी होणार आणि तिच्याबरोबर भोकही तेवढेच मोठे होणार. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी जाळात लाल का करतात आणि चढवल्यावर तिच्यावर पाणी का ओततात, ते आता मुलांनाच सांगू द्या.